जुना फोटो, पण कोणत्या काळातला?

पाडव्याच्या शोभायात्रेसाठी नऊवारी नेसलेली मुलगी, पणजोबांचा फेटा बांधून ऐटीत बसलेला पणतू, वाड्याच्या ओसरीवर एकत्र जमलेलं घर. असा फोटो काढला की तो जुन्या काळातला दिसावा, असं मनापासून वाटतं. मग मोबाइलवरच्या अ‍ॅपमधला तयार फिल्टर लावला जातो. फोटो तपकिरी होतो, कोपरे काळवंडतात, वर चार ओरखडे उमटतात. एवढं करूनही पाहणाऱ्याला तो जुना वाटत नाही. जुन्याचं सोंग घेतलेला वाटतो.

याचं कारण असं की सगळे जुने फोटो एकसारखे जुने नसतात. १८८० सालचा स्टुडिओतला फोटो, १९६५ सालचा साध्या रोल कॅमेऱ्यातला फोटो आणि १९८०च्या अल्बममधला रंगीत फोटो यांचं जुनेपण वेगवेगळं आहे. त्यांचा रंग, धूसरपणा, डाग यांमागे त्या त्या काळची रसायनं, भिंगं आणि कागद आहेत. तयार फिल्टर ही सगळी लक्षणं एकाच फोटोवर ओततो आणि तिथेच काम बिघडतं. म्हणून संगणक सुरू करण्याआधी एक गोष्ट ठरवा: आपला फोटो कोणत्या काळातला दिसायला हवा? ते ठरलं की काय करायचं हे तर कळतंच, पण काय करायचं नाही हेही कळतं. चांगल्या कामात हे दुसरं जास्त उपयोगी पडतं.

या लेखातल्या कृती ‘गिम्प’ या मोफत सॉफ्टवेअरसाठी दिल्या आहेत. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालतं. फोटोशॉप वापरत असाल, तर लेयर, मास्क, कर्व्ह ही साधनं तिथेही आहेत. फक्त मेनूतली जागा बदलेल. खाली दिलेले आकडे सुरुवातीसाठी आहेत. शेवटचा निर्णय तुमच्या डोळ्यांनी घ्या.

निम्मं काम फोटो काढतानाच

जुन्या स्टुडिओंत मोठ्या काचेच्या खिडकीतून किंवा काचेच्या छपरातून येणाऱ्या उजेडात फोटो काढत. तुम्हीही फ्लॅश बंद ठेवा. थेट ऊन येत नसलेल्या खिडकीजवळ माणसाला बसवा, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि दुसरी किंचित सावलीत राहील.

मोबाइलचा मुख्य कॅमेरा विस्तृत दृश्य टिपणारा असतो. जवळून फोटो काढला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. चेहऱ्याची अशी ठेवण जुन्या पोर्ट्रेटमध्ये दिसत नाही. म्हणून सात-आठ फूट मागे जा आणि दुप्पट किंवा तिप्पट झूम वापरा. कॅमेरा माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवा.

एकोणिसाव्या शतकातला फोटो हवा असेल, तर बसण्याची पद्धतही त्या काळाची हवी. तेव्हा काही सेकंद अजिबात न हलता बसावं लागे. त्यामुळे एक हात टेबलावर, दुसरा मांडीवर, पाठ खुर्चीला टेकलेली आणि चेहरा स्थिर अशी बैठक रूढ झाली. दात दाखवून हसणारा चेहरा त्या काळाशी जुळत नाही. १९८०च्या फोटोत मात्र खुशाल हसा.

चौकटीतून स्विचबोर्ड, प्लास्टिकची खुर्ची, मनगटावरचं घड्याळ, चष्म्याची आधुनिक फ्रेम काढून टाका. मागे साधी चादर किंवा चुन्याची भिंत पुरे. जी गोष्ट समोरून हाताने हलवता येते, ती नंतर सॉफ्टवेअरमध्ये पुसत बसू नये.

कामाची मांडामांड

मूळ फाइलला हात लावू नका. तिची प्रत उघडा आणि लगेच एक्ससीएफ स्वरूपात सेव्ह करा. त्यात सगळे लेयर शाबूत राहतात. मग मूळ लेयरची नक्कल करून काम त्या नकलेवर करा, म्हणजे खालचा फोटो तुलनेसाठी कायम हाताशी राहतो.

क्रॉप आणि आकार आधी ठरवा. ग्रेन (म्हणजे फोटोत दिसणारे फिल्मचे कण) आणि धूसरपणा यांचं मोजमाप पिक्सेलमध्ये असतं. मोठ्या फोटोवर ते परिणाम करून मग फोटो लहान केला, तर केलेलं सगळं नाहीसं होतं. प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरा. चार बाय सहा इंचांच्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात.

त्यानंतर मोबाइलने घातलेली धार उतरवा. आजचे कॅमेरे केसाची बट, पापणी, साडीचा काठ हे सगळं स्वतःहून टोकदार करतात. ‘फिल्टर्स’मधल्या ‘ब्लर’ गटातून ‘गॉशियन ब्लर’ निवडा आणि ०.८ ते १.२ पिक्सेल एवढाच द्या. फोटो अस्पष्ट दिसायला नको. फक्त त्याची कडक धार जायला हवी. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे कितीही तपकिरी रंग चढवला तरी फोटो आजचाच दिसतो.

पहिली कृती: १८८०च्या सुमाराचा स्टुडिओ फोटो

छायाचित्रण भारतात लवकर रुजलं. पॅरिसमध्ये १८३९ साली या कलेची जाहीर घोषणा झाली आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळात बहुतेक प्रिंट अल्ब्युमेन कागदावर होत. या कागदावर अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा लेप असे आणि त्यात चांदीचे क्षार मुरवलेले असत. कागद पातळ असल्याने गुंडाळला जाई, म्हणून प्रिंट जाड पुठ्ठ्यावर चिकटवत.

कृतीतली सर्वांत महत्त्वाची पायरी कृष्णधवल करण्याची आहे. त्या वेळच्या काचेच्या प्लेटना मुख्यतः निळा आणि जांभळा प्रकाशच ‘दिसत’ असे. लाल आणि पिवळा त्यांच्यावर फारसा उमटत नसे. १८७३ साली हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने प्लेटमध्ये रंगद्रव्य मिसळून ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग शोधला, पण सर्व रंगांना दाद देणाऱ्या प्लेट सर्रास वापरात यायला विसावं शतक उजाडलं. म्हणून जुन्या फोटोत आकाश कोरं पांढरं दिसतं आणि कपाळावरचं लालभडक कुंकू काळं दिसतं.

हे गिम्पमध्ये जमवता येतं. ‘कलर्स’ मेनूतल्या ‘डीसॅच्युरेट’मध्ये ‘मोनो मिक्सर’ आहे. त्यात लाल ०.१०, हिरवा ०.२५ आणि निळा ०.६५ ठेवा. तिन्हींची बेरीज एकच्या आसपास राहू द्या. नऊवारीतल्या आजीच्या फोटोवर हे करून पाहा. कुंकवाची चिरी काळी होते. सोन्याच्या पाटल्या आणि ठुशी झाकोळतात. नथीचे मोती मात्र पांढरे राहतात आणि गडद पार्श्वभूमीवर उठून दिसतात. निळी साडी अपेक्षेपेक्षा फिकट होते, लाल काठ जवळजवळ काळा पडतो. एकही डाग किंवा ओरखडा न घालता फोटो शंभर वर्षं मागे जातो. त्वचा फारच सावळी किंवा डागाळलेली दिसू लागली, तर निळा ०.५०वर आणा आणि लाल ०.२० करा. कमी उजेडात काढलेल्या फोटोत निळ्या चॅनेलमध्ये खडबडीतपणा जास्त असतो. खिडकीजवळ फोटो काढण्याचा आग्रह त्यासाठीही होता. ‘इमेज’ मेनूतल्या ‘मोड’मधून फोटो ‘ग्रेस्केल’ मात्र करू नका, कारण पुढे रंगाच्या चॅनेलची गरज आहे.

आता कडांचा धूसरपणा. त्या काळातली पोर्ट्रेटची भिंगं मध्यभागी कमालीची स्पष्ट आणि कडेला सैल असत. लेयरची आणखी एक नक्कल करा, तिला ५ पिक्सेलचा ‘गॉशियन ब्लर’ द्या आणि लेयरला मास्क जोडा. मास्कवर मध्यभागी काळा आणि बाहेर पांढरा असा गोल ग्रेडियंट ओढा. चेहरा स्पष्ट राहील. खांद्यापासून पुढे दृश्य हळूहळू विरघळेल.

कोपरे काळे करण्याचा मोह इथे टाळा. त्या काळच्या स्टुडिओत अर्धचित्राच्या कडा बहुधा लंबवर्तुळात पांढऱ्याकडे विरत नेलेल्या असत. ‘फिल्टर्स’मधल्या ‘लाइट अँड शॅडो’ गटात ‘व्हिन्येट’ आहे. त्यात काळ्याऐवजी पांढरा रंग निवडा आणि ‘सॉफ्टनेस’ वाढवा.

रंग शेवटी. फोटोवर सरसकट तपकिरी थर देण्यापेक्षा ‘कर्व्ह्ज’ वापरा. आधी ‘व्हॅल्यू’ चॅनेलमध्ये डावा खालचा बिंदू वर ओढून ३०च्या आसपास आणा, म्हणजे गडद काळा थोडा विटेल. उजवा वरचा बिंदू २४०पर्यंत खाली घ्या. मग निळ्या चॅनेलमध्ये उजवा वरचा बिंदू २००च्या जवळ आणा. पांढऱ्या भागावर पिवळसर झाक येईल. लाल चॅनेलमध्ये डावा खालचा बिंदू दहा-पंधरा अंशांनी वर घ्या. सावल्या तांबूस होतील. अल्ब्युमेन प्रिंट असाच जुना होतो. त्याचे उजळ भाग पिवळे पडतात आणि गडद भाग तांबूस-जांभळट तपकिरी दिसतात. एकाच फोटोत अशा दोन छटा असणं हीच त्याची ओळख आहे.

या फोटोवर ग्रेन घालू नका. त्या काळी निगेटिव्ह प्रिंटएवढीच मोठी असे. ती कागदावर थेट ठेवून उन्हात छापत. प्रतिमा मोठी केलीच जात नसल्यामुळे कण डोळ्याला दिसत नसत.

दुसरी कृती: साठच्या दशकातला घरगुती फोटो

साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत साधे रोल कॅमेरे आले. ‘अ‍ॅग्फा क्लिक थ्री’ त्यांपैकी सर्वांच्या ओळखीचा. एका रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे बारा चौकोनी फोटो निघत. उटीच्या ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ या १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीचे ‘इंदू’ रोलही अनेकांना आठवत असतील.

इथे तपकिरी रंगाला पूर्ण सुट्टी द्या. हे फोटो स्वच्छ काळे-पांढरे असतात आणि फार तर किंचित उबदार दिसतात. तोवर फिल्मला सगळे रंग दिसू लागले होते, म्हणून ‘मोनो मिक्सर’मध्ये लाल ०.३०, हिरवा ०.६० आणि निळा ०.१० ठेवा. क्रॉप चौकोनी करा. ‘कर्व्ह्ज’मध्ये इंग्रजी ‘एस’सारखा हलका बाक देऊन उठाव वाढवा. पांढऱ्या सदऱ्यातले तपशील थोडे हरवले तरी चालतील. मोबाइल सावलीतलं आणि उन्हातलं सगळं एकाच वेळी दाखवतो. त्या कॅमेऱ्यांना ते जमत नसे.

आता ग्रेन. नवा लेयर घ्या, त्यात ८०८०८० या क्रमांकाचा मधला करडा रंग भरा. ‘नॉइज’ गटातून ‘आरजीबी नॉइज’ निवडा आणि ‘इंडिपेंडंट आरजीबी’ची खूण काढून टाका, नाहीतर रंगीत ठिपके येतील. मात्रा ०.१५ ते ०.२० ठेवा. मग या लेयरलाच ०.७ पिक्सेलचा ब्लर द्या. ही छोटी पायरी फार मोलाची आहे, कारण फिल्मचे कण एकेकटे टोकदार नसतात, ते पुंजक्यांनी दिसतात. शेवटी लेयरचा मोड ‘ओव्हरले’ करा आणि ‘ओपॅसिटी’ ३०-४० टक्क्यांवर आणा. या मोडमध्ये कण मधल्या करड्या छटांत जास्त आणि कोऱ्या पांढऱ्या किंवा गडद काळ्या भागात कमी दिसतात. फिल्मवरही साधारण तसंच दिसतं. ग्रेन पारखताना फोटो शंभर टक्के आकारात पाहा.

चहूबाजूंनी पांढरी पट्टी द्या. त्यासाठी ‘इमेज’ मेनूतून ‘कॅनव्हास साइज’ वाढवा आणि खाली पांढऱ्याला अगदी जवळचा रंग भरलेला लेयर ठेवा. फोटोच्या रुंदीच्या चार-पाच टक्के पट्टी शोभते.

तिसरी कृती: अल्बममधला लालसर पडलेला रंगीत फोटो

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या मुंजी-लग्नाचे रंगीत फोटो आज उघडले की सगळं दृश्य तांबूस दिसतं. रंगीत प्रिंटमध्ये निळसर-हिरवट, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंगद्रव्यांचे थर असतात. त्या काळच्या बऱ्याच कागदांत अल्बमच्या अंधारातही पहिला थर सर्वांत आधी फिका पडला. तो गेला की लाल रंगाला अडवणारं काही उरत नाही.

हे कळलं की कृती सोपी होते. रंग तसेच ठेवा. ‘कर्व्ह्ज’च्या लाल चॅनेलमध्ये डावा खालचा बिंदू ४०पर्यंत वर घ्या, हिरव्यात १५पर्यंत. निळ्यात उजवा वरचा बिंदू २१५वर आणा. मग ‘कलर्स’मधल्या ‘सॅच्युरेशन’ने रंगांची तीव्रता वीसेक टक्क्यांनी उतरवा. काळे केस तपकिरी दिसू लागले आणि पांढरा सदरा पिवळसर झाला की थांबा. प्रिंटचा आकार साडेतीन बाय पाच इंच ठेवा. ‘डेकॉर’ गटातल्या ‘राउंड कॉर्नर्स’ने कोपरे गोल करता येतात, सोबत येणारी सावली मात्र बंद करा.

डाग, ओरखडे आणि हातरंग

गिम्पच्या ‘डेकॉर’ गटात ‘ओल्ड फोटो’ नावाची तयार सोय आहे, कॉफीचे डागही आहेत. ओळख म्हणून ती वापरून पाहा, पण त्यावर विसंबू नका. खऱ्या फोटोवरची प्रत्येक खूण कुठून तरी आलेली असते. हाताने धरल्यामुळे कोपरे दुमडतात. पाकिटात घडी पडल्याने आडवी चीर जाते. कोकणातल्या दमट हवेत बुरशीचे तांबूस ठिपके उठतात. कसर लागली की कागद कडेने कुरतडला जातो. तुमच्या फोटोवर खूण घालायची असेल, तर ती कशाने पडली असेल हे आधी ठरवा आणि एक-दोन खुणांवर भागवा. चेहऱ्यावरून ओरखडा नेऊ नका.

कागदाचा पोत आणण्याचा उत्तम मार्ग घरातच आहे. जुन्या पुस्तकाचं किंवा वहीचं कोरं, पिवळं पडलेलं पान सारख्या उजेडात वरून टिपा. ते फोटोवर नवा लेयर म्हणून ठेवा, मोड ‘मल्टिप्लाय’ करा आणि ‘ओपॅसिटी’ ३० ते ४० टक्के ठेवा. खऱ्या कागदाचे डाग आणि तंतू फोटोत उतरतात आणि ते कोणत्याही तयार परिणामापेक्षा सरस दिसतात.

कृष्णधवल फोटोवर हाताने रंग भरण्याची कला आपल्याकडच्या स्टुडिओंत खूप काळ चालली. ती करून पाहायची असेल, तर पारदर्शक नवा लेयर घ्या, त्याचा मोड ‘एचएसएल कलर’ ठेवा आणि मऊ ब्रशने फिके रंग भरा. साडीचा काठ, ओठ, दागिने, एखादं फूल एवढंच रंगवा. बाकी चित्र कृष्णधवल राहू द्या. लेयरची ‘ओपॅसिटी’ ५० टक्क्यांच्या खाली ठेवली की रंग जलरंगासारखा हलका बसतो.

संगणक नसेल तर मोबाइलवर ‘स्नॅपसीड’ हे मोफत अ‍ॅप वापरा. त्यातल्या ‘व्हिंटेज’ आणि ‘रेट्रोलक्स’ला हात लावण्याआधी ‘कर्व्ह्ज’ आणि ‘ब्लॅक अँड व्हाइट’ वापरून पाहा. काळ आधी ठरवायचा आणि त्याच्याशी जुळणारीच लक्षणं घ्यायची, हा नियम तिथेही तोच.

प्रिंट आणि खरी नोंद

फोटो पडद्यावर न ठेवता प्रिंट करून घ्या, कारण जुनेपणाचा अर्धा अनुभव हातातल्या कागदाचा असतो. पहिल्या कृतीतला फोटो सुमारे १० बाय १४ सेंटिमीटरचा काढा आणि जाड क्रीम पुठ्ठ्यावर चिकटवा. एकोणिसाव्या शतकात ‘कॅबिनेट कार्ड’ या नावाने जे फोटो घरोघर जात, त्यांचा पुठ्ठा साधारण १०८ बाय १६५ मिलिमीटरचा असे. खालच्या मोकळ्या पट्टीवर स्टुडिओचं नाव छापलेलं असे. तिथे तुमच्या घराण्याचं किंवा गावाचं नाव घाला. कोणत्याही खऱ्या जुन्या स्टुडिओचं नाव किंवा शिक्का वापरू नका. दुसऱ्या कृतीतल्या फोटोला मॅट कागद शोभतो.

शेवटची पायरी प्रामाणिकपणाची आहे आणि ती गाळू नये. काम नीट जमलं, तर हा फोटो खरोखरच जुना समजला जाईल. कौटुंबिक इतिहास लिहिणाऱ्याची, गावाची माहिती जमवणाऱ्याची अशा फोटोमुळे दिशाभूल होऊ शकते. म्हणून ‘इमेज’ मेनूतल्या ‘मेटाडेटा’मध्ये जाऊन वर्णनाच्या रकान्यात फोटो कधी काढला आणि त्यावर काय संस्करण केलं ते लिहा. फाइलच्या नावात खरं वर्ष घाला. समाजमाध्यमांवर टाकताना फोटोखाली तसा उल्लेख करा. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांची तारीख टाकण्याची हौस असेल, तर ती खरीच तारीख असू द्या. प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं, गाव आणि साल लिहा. मूळ फोटो, लेयरसह एक्ससीएफ फाइल आणि तयार जेपेग या तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. फोटोचं रूप १८८०चं असायला काहीच हरकत नाही. त्यावरची नोंद मात्र आजची आणि खरी हवी.